मुंबई-गोवा महामार्ग रखडला तो नेमका कुठे?

सावित्रीपार

मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघाला की बोलणं खड्ड्यांवर जातं, तिथून ठेकेदारावर, आणि शेवटी यंदा गणपतीला ताम्हिणीतून उतरायचं की कोल्हापूरकडून, यावर येऊन थांबतं. मला या धाग्यात वेगळं विचारायचं आहे. रस्ता का रखडला याला 'राजकारण' असं एका शब्दाचं उत्तर सगळेच देतात. पण राजकारण म्हणजे कोणी, कुठल्या टेबलावर, काय केलं किंवा करायचं टाळलं? हे आतून पाहिलेली मंडळी इथे आहेत, म्हणून लिहितोय.

मला माहीत आहे ते आधी मांडतो. पनवेलजवळचं पळस्पे ते रायगडातलं इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. इंदापूरच्या पुढे सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, टप्पे पाडून वेगवेगळ्या ठेकेदारांना. म्हणजे रस्ता एक, यंत्रणा दोन. सिंधुदुर्गातला भाग त्यातल्या त्यात लवकर झाला. रत्नागिरी जिल्ह्यातले आरवली-कांटे, कांटे-वाकेड हे टप्पे मागे पडत गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. दर पावसाळ्याआधी नवी तारीख, दर गणपतीआधी मंत्र्यांचा पाहणी दौरा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता याच रस्त्यावरची दुसरी गोष्ट. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसटी आणि इतर गाड्या वाहून गेल्या, चाळीसच्या आसपास माणसं गेली. तिथे नवा पूल ५ जून २०१७ ला वाहतुकीला खुला झाला. बांधकामाला लागले १६५ दिवस. महामार्ग तोच, कोकणातला पाऊस तोच, निविदेचे नियमही तेच. फरक इतकाच की सगळ्या राज्याची नजर त्या एका जागेवर होती आणि केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर मुदत दिलेली होती. ती चुकली असती तर उत्तर कोणी द्यायचं हे ठरलेलं होतं.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचंही तसंच. घोषणा २०१५ ची, ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डी डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. मधे २०१९ ला सरकार बदललं, २०२२ ला परत बदललं, तरी काम थांबलं नाही. समृद्धी बांधणाऱ्या रस्ते विकास महामंडळाचं खातं २०१४ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत, पहाटेच्या शपथविधीच्या आसपासचे थोडे दिवस सोडले तर, एकनाथ शिंदे यांच्याकडेच होतं, दोन वेगळ्या सरकारांत. आणि हा प्रकल्प देवेंद्र फडणवीस यांचा, हे राज्यातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं.

माझं म्हणणं असं, की राजकारणाने रस्ते रखडतात हे अर्धंच खरं आहे. राजकारणानेच ते होतातही. ज्या रस्त्याच्या यशाशी आणि अपयशाशी एखाद्या मोठ्या नेत्याचं नाव घट्ट बांधलेलं असतं, तो पुढे सरकतो. मुंबई-गोवा मार्गाचं श्रेय घ्यायला सगळे पक्ष होते. तो झाला नाही म्हणून ज्याची खुर्ची जाईल, असा एकही नव्हता. कोकणात इतक्या निवडणुका झाल्या, या रस्त्यावर कोण हरलं?

तुम्हाला काय दिसतं ते लिहा. पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात भांडायला हा धागा नाही.

खेडचा_वकील

सावित्रीच्या पुलाचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्या पुलाला नवी जमीन जवळजवळ लागलीच नाही. नदी सरकारची, जोडरस्ता सरकारचा. उरलेल्या महामार्गाला हजारो खातेदारांची जमीन लागली, आणि कोकणातला सातबारा तुम्ही पाहिला आहे का? पाच गुंठ्यांच्या तुकड्यावर तीस-तीस नावं. त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारस मुंबई, सुरत, बडोद्यात. चुलत्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. कुळ एक, कब्जा दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचं. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली ३अ ची, म्हणजे जमीन घ्यायच्या इराद्याची अधिसूचना निघते, मग ३ड ची, म्हणजे संपादन जाहीर करणारी, मग निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश. निवाडा झाला तरी पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे हे ठरत नाही, तोवर माणूस जागा सोडत नाही. त्याने का सोडावी?

परशुराम घाट घ्या. पेढे आणि परशुराम या गावांत मोबदला देवस्थानाला, जुन्या वतनदार खोताला की कुळाला, हा वाद वर्षानुवर्षं चालला. तेवढ्या तुकड्याने सगळा घाट अडवून धरला. पुढे एप्रिल-मे २०२२ मध्ये डोंगर कापायला रोज दुपारी घाट बंद ठेवायची वेळ आली. हा वाद कुठल्या आमदाराने लावलेला नव्हता. तो खोतीच्या काळापासूनचा आहे.

कर्नाळ्याला अभयारण्याच्या परवानग्यांत वेळ गेला. त्यालाही मी राजकारण म्हणणार नाही.

सावित्रीपार

वकीलसाहेब, जमिनीचा गुंता खराच. पण तो २०११ ला कोणाला माहीत नव्हता असं तर नाही ना? कोकणातला सातबारा कसा असतो हे जिल्हाधिकारी कचेरीतल्या शिपायालाही माहीत असतं. मग जमीन हातात नसताना ठेका देऊन काम सुरू का केलं? माझ्या मते तो निर्णयच राजकीय होता. भूमिपूजन आधी, भूसंपादन नंतर. ठेकेदाराला जागा तुकड्यातुकड्याने मिळाली, त्याची यंत्रं उभी राहिली, कर्जाचं व्याज चढत गेलं, तो गाळात गेला आणि रस्ता उकरलेल्या अवस्थेत पडून राहिला. पुढे केंद्राने नियम कडक केला, की बहुतेक जमीन ताब्यात आल्याशिवाय ठेकेदाराच्या मुदतीचा दिवस सुरू करायचा नाही. म्हणजे चूक कुठे होती हे त्यांनाही दिसलं.

खेडचा_वकील

हे मान्य. जमिनीशिवाय नारळ फोडू नये, यावर माझं काही भांडण नाही. पण एक लक्षात घ्या. मोबदला वाढवून मिळावा म्हणून लोकांच्या बाजूने उभे राहणारेही राजकारणीच होते, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर दर वाढले तेव्हा आधी कमी दराने जमीन दिलेल्यांवर खरोखर अन्याय झाला. त्यांच्यासाठी आंदोलन करणाऱ्याला 'रस्ता अडवणारा' म्हणणं मला पटत नाही. माझ्याकडे अजून अशी माणसं येतात ज्यांची पडवी गेली, पण निवाड्यात फक्त झाडं धरली आहेत.

मैलकुली

मी बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, मधली काही वर्षं जिल्हा परिषदेत होतो. महामार्गावर माझी नेमणूक कधी नव्हती, त्यामुळे त्याबद्दल छातीठोकपणे बोलणार नाही. पण राजकारण कुठल्या टेबलावर होतं, हा प्रश्न नेमका आहे. त्याचं उत्तर मी देऊ शकतो.

लोकांना वाटतं ते निविदेत होतं. निविदेत होतंच. पण त्याच्याही कितीतरी आधी ते अंदाजपत्रकात होतं.

एक काम सांगतो, तालुका सांगत नाही. दोन वाड्यांना जोडणारा पावणेदोन किलोमीटरचा रस्ता. जागेवर जाऊन आम्ही लेव्हल घेतल्या. मधे एक ओढा, आणि पुढे एका वळणावर वरच्या शेतांचं पाणी रस्त्यावरून आडवं जायचं. म्हणून दोन नळमोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला नळ, धरल्या, डोंगराच्या अंगाने गटार धरलं, खाली मुरूम, वर खडीकरणाचे दोन थर, त्यावर डांबर. अंदाजपत्रक वर गेलं. तेवढ्याच रकमेत साहेबांना, म्हणजे लोकप्रतिनिधींना, तीन गावांना रस्ता द्यायचा होता, कारण प्रचारात तिन्ही गावांना शब्द गेलेला. फाईल तोंडी निरोपासह परत आली: लांबी तीच ठेवा, रक्कम तिसऱ्या हिश्शाची करा. लांबी कमी केली तर एक वाडी सुटते आणि त्या वाडीची मतं आहेत. मग काय काढणार? मोऱ्या काढल्या. गटार काढलं. खडीचा एक थर काढला. उरलं २० मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे डांबराचा पातळ थर, आणि सीलकोट. तीन गावांत तीन फलक लागले.

पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याच्या जागी रस्ता कापला गेला. लोकांनी ठेकेदाराला धरलं, म्हणाले डांबर खाल्लं. त्याने डांबर खाल्लेलं नव्हतं. नमुना मी स्वतः तपासला होता. पाण्याला जायला वाट ठेवलीच नाही, तर वरचं डांबर किती चांगलं आहे याने काय फरक पडतो? त्या दिवशी मी गावकऱ्यांसमोर उभा होतो आणि मोरी कोणी काढायला लावली हे सांगू शकत नव्हतो, कारण कागदावर सही माझी होती. ही गोष्ट मला अजून टोचते.

दुसरं, लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेबातला कप्पा. रस्ते-पुलांची नवीन कामं ५०५४ खाली येतात, देखभाल-दुरुस्ती ३०५४ खाली. देखभालीचं भूमिपूजन होत नाही. गटारातला गाळ काढला, साईडपट्टी भरली, झुडपं तोडली, तर फलक कशाचा लावणार? त्यामुळे प्रत्येक लोकप्रतिनिधीचं पत्र नव्या कामासाठी येतं. देखभालीसाठी आलेलं पत्र मी क्वचितच पाहिलं. पूर्वी प्रत्येक टप्प्याला मैलकुली असायचे, फावडं-घमेलं घेऊन. खड्डा टोपलीएवढा असतानाच बुजवला जायचा. ती पदं रिकामी होत गेली आणि भरली गेली नाहीत. माझं इथलं नाव त्यांच्यावरून घेतलंय.

बदल्यांचं नंतर लिहितो.

इंद्रायणीकाठ

मैलकुली काका, मोरीचा प्रसंग वाचून आमच्या गावचा रस्ता डोळ्यांसमोर आला. दरवर्षी त्याच जागी फुटतो, दरवर्षी त्याच जागी डांबर. आजवर कोणीच सांगितलं नाही की तिथे मोरी हवी. बदल्यांबद्दल नक्की लिहा.

खडी_क्रशर

मी छोटा ठेकेदार आहे. आमच्यावर सगळे तुटून पडतात म्हणून लिहितो.

काम निघतं तेव्हा आम्हाला आधी कळतं ते कोणाचं काम आहे, मग किती लाखांचं आहे. 'कोणाचं' म्हणजे कोणी मंजूर करून आणलं. २५१५ या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षातली कामं तर सरळ लोकप्रतिनिधींनी सुचवलेलीच असतात. ई-निविदा टाळायची असली की एकाच रस्त्याचे तुकडे पाडतात: अमक्याच्या घरापासून तमक्याच्या विहिरीपर्यंत एक काम, विहिरीपासून मंदिरापर्यंत दुसरं. मोठं काम असेल तर अटी अशा टाकतात की ठरावीक माणूसच बसावा. अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा हॉटमिक्स (डांबर-खडी मिसळायचा) प्लांट पाहिजे, ही अट वाचायला गुणवत्तेसाठी वाटते, पण त्या पट्ट्यात प्लांट एकाचाच असतो.

अटी नसल्या की बाकीचे वीस-पंचवीस टक्के खाली भरून काम उचलतात. त्या दरात काम होत नाही हे भरणाऱ्यालाही माहीत, उघडणाऱ्यालाही माहीत. वरून टक्केवारी. आकडा लिहीत नाही, पण ती द्यावी लागते आणि ती रस्त्याच्या जाडीतूनच निघते, दुसरीकडून निघायला जागा नाही.

आणि बिलं. निवडणुकीच्या वर्षात मंजुऱ्यांचा पाऊस पडतो. तिजोरीत किती पैसे आहेत याचा विचार न करता कार्यारंभ आदेश निघतात, अर्थसंकल्पात तरतूद नावापुरती. आम्ही काम करतो, मोजमाप पुस्तकात नोंद होते, बिल जातं आणि मग थांबतं. २०२४ च्या विधानसभेनंतर राज्यभर ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं केली, हे तुम्ही वाचलं असेल. मी क्रशरवाल्याचे, डिझेलवाल्याचे पैसे थकवून बसलो होतो. पुढचं काम करताना हात आखडता घेतला जातो, हे मी लपवत नाही.

२०२२ चं सांगतो. जूनच्या अखेरीस सरकार बदललं. आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना नव्या सरकारने सरसकट स्थगिती दिली. रस्ता चांगला की वाईट, गरजेचा की बिनगरजेचा, काही बघितलं नाही. कोणाच्या काळात मंजूर झाला एवढंच. लोक उच्च न्यायालयात गेले. माझ्या एका कामाची खडी रस्त्याच्या कडेला ढीग करून पडलेली होती, त्यात गवत उगवलं. स्थगिती उठली तोपर्यंत डांबराचा दर बदललेला.

बुलढाण्याची_वाट

समृद्धीबद्दल धाग्यात फारच चांगलं लिहिलं गेलंय, म्हणून आमच्याकडची बाजू.

रस्ता झाला, वापरतो, नागपूरला जायचा वेळ खूप वाचतो. हे नाकारत नाही. जमीनही इतर प्रकल्पांच्या मानाने लवकर मिळाली. पहिल्यांदा लँड पूलिंगचा, म्हणजे जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याचा प्रस्ताव होता, त्याला गावोगाव विरोध झाला. मग सरकारने थेट खरेदी सुरू केली आणि बाजारभावापेक्षा बरेच जास्त पैसे थेट खात्यात दिले. जिल्हाधिकारी, प्रांत, तलाठी, सगळी यंत्रणा त्या एका कामाला जुंपली होती. वरून रोजचा आढावा. राजकीय मालक असला की काय होतं, ते आम्ही पाहिलं.

पण घाईचीही किंमत असते. पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा वाटेत धड विश्रांतीची जागा नव्हती. एकसुरी सरळ रस्ता, थांबायला ठिकाण नाही, रात्रीच्या ट्रॅव्हल्स. १ जुलै २०२३ ला पहाटे सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ माणसं जळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस शहापूरला पुलाचं काम चालू असताना गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर बसवणारं अवजड यंत्र) कोसळला, २० कामगार गेले. पहिल्या अपघाताचा दोष एकट्या रस्त्यावर टाकता येणार नाही, पण सोयी आधी आणि फीत नंतर, असं झालं असतं तर बरं झालं असतं, असं इथे पुष्कळांना वाटतं. पुढाऱ्याच्या मनात तारीख बसली की अभियंता 'अजून तयार नाही' म्हणू शकत नाही.

शिवाय त्या रस्त्याच्या मुरमासाठी आसपासच्या टेकड्या गेल्या, आणि जड डंपरांनी आमचे गावरस्ते उखडले. मोठ्या रस्त्याचं उद्घाटन झालं. गावरस्त्यांना कोणी वाली नव्हता.

सावित्रीपार

बुलढाण्याची_वाट, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. मालकाला फक्त तारखेशी मतलब असला तर तोही धोकाच. मालकी कशाची, तारखेची की रस्त्याची, हा प्रश्न मी धागा काढताना विचारायला हवा होता.

पंचगंगा

आमच्याकडे कोल्हापुरात शक्तिपीठ महामार्गाचं चाललंय, ते या धाग्यात बसतं. मूळ आराखड्यात वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. २०२४ च्या लोकसभेआधी अधिसूचना आली आणि इथे शेतकरी रस्त्यावर उतरले. उसाची, बारमाही पाण्याची जमीन, कोण देणार? लोकसभेत फटका बसला तसा सत्ताधारी पक्षांच्या स्थानिक नेत्यांनीही सूर बदलला. विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूरपुरतं भूसंपादन रद्द केल्याचं जाहीर झालं. निवडणूक झाली, बहुमत मिळालं, प्रकल्प परत टेबलावर. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी वगैरे २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली.

मी या रस्त्याच्या विरोधात आहे, ते सांगूनच बोलतो. पण विरोध बाजूला ठेवून बघा. रस्त्याची गरज जानेवारीत आहे, ऑक्टोबरमध्ये नाही आणि डिसेंबरमध्ये परत आहे, असं असू शकतं का? गरज मतदानाच्या तारखेवर ठरत असेल तर तो आराखडा कोणत्या वाहतुकीच्या मोजणीवर उभा आहे, हे आम्हाला दाखवा. एवढीच मागणी आहे.

मांडवीतीर

गोव्यातून वाचतोय. आमच्या बाजूला याच ६६ नंबरच्या महामार्गावर झुआरीचा नवा पूल झाला. पहिली बाजू डिसेंबर २०२२ ला खुली झाली, दुसरी वर्षभराने. पर्वरीत आता उड्डाणपुलाचं काम चालू आहे, त्यातून रोज जाणाऱ्याला विचारा. राज्य छोटं असण्याचा एक फायदा असा की मंत्र्याला स्वतःलाही त्याच रस्त्याने पणजीला यावं लागतं. कोकणातले मोठे नेते मुंबईला रस्त्याने किती येतात?

अभ्यासू_पोर

थोडी वेगळी माहिती देतो. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेवर अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांनी अगदी थोड्या मतांच्या फरकाने लागलेले विधानसभेचे निकाल घेतले, म्हणजे हरलेला आणि जिंकलेला यांत मतदारसंघ म्हणून फारसा फरक राहत नाही. मग निकालाच्या आधी आणि नंतर ठेके कोणाला गेले ते पाहिलं. आमदाराच्या आडनावाशी जुळणाऱ्या ठेकेदारांचा वाटा ४ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेला. लक्षात घ्या, या योजनेत आमदाराला निविदेत कसलाही अधिकृत अधिकार नाही.

त्यातला पुढचा भाग मला जास्त हादरवून गेला. अशी मर्जी जिथे दिसली तिथले रस्ते महाग पडले. आणि कागदावर पूर्ण, पैसे अदा, पण २०११ च्या जनगणनेत त्या गावाला बारमाही रस्ताच नाही, असे प्रकारही तिथे जास्त निघाले. हा भारतभरचा अभ्यास आहे, महाराष्ट्राचा वेगळा आकडा नव्हे. पण खडी_क्रशर यांनी 'कोणाचं काम आहे' म्हणून जे लिहिलं, तेच आकड्यांतही दिसतं.

देवरुखकर

एवढं सगळं वाचलं. मला विचाराल तर कणकवलीला २०१९ ला जे झालं तेच बरोबर होतं. आमदार आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी अभियंत्यावर चिखल ओतला तेव्हा कुठे रस्त्याकडे लक्ष गेलं. आम्ही रोज त्या चिखलातून जात होतो, त्याचं कोणाला काही नव्हतं.

मैलकुली

देवरुखकर, तुमचा राग मला समजतो. रस्त्यात उकरून ठेवलेल्या खड्ड्यांतून लोकांनी पावसाळे काढले आहेत. पण जुलै २०१९ मध्ये गडनदीच्या पुलावर ज्याच्यावर चिखल ओतला, ज्याला पुलाला बांधायचा प्रयत्न झाला, तो उपअभियंता होता. उपअभियंत्याच्या हातात काय असतं ते सांगतो. ठेकेदार निवडणं नसतं. ठेका रद्द करणं नसतं. बिलाचे पैसे सोडणं नसतं. मुदतवाढ देणं किंवा नाकारणं नसतं. तो अहवाल लिहू शकतो, नोटीस काढू शकतो आणि वर पाठवू शकतो. वर त्या नोटिशीचं काय होतं, ते वरच्यांना माहीत. आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारता येतो, मंत्र्याला उभं करता येतं. ते सोडून त्याने सगळ्यात खालच्या माणसाला धरलं, आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

त्यानंतर खात्यात काय झालं हेही सांगतो, कारण मी तेव्हा नोकरीत होतो. तरुण मुलं महामार्गावरची नेमणूक टाळायला लागली. ज्याला काम येतं तो वशिला लावून दुसरीकडे जाणार, तर तिथे कोण उरणार?

आता बदल्या. २००५ च्या कायद्याने एका जागी साधारण तीन वर्षं ठेवायचं असतं. प्रत्यक्षात एखाद्याने मोजमाप पुस्तकात खरी लांबी लिहिली, थर कमी म्हणून बिलातून रक्कम कापली, की 'प्रशासकीय कारणास्तव' आदेश येतो. नवीन माणूस येतो, त्याला त्या रस्त्याच्या पोटात काय आहे ते माहीत नसतं. तो पुढच्या बिलावर विश्वासाने सही करतो. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने बिघाड स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ, चालू असताना जागेवरचे तीन-तीन अधिकारी बदललेले मी पाहिले आहेत. ठेकेदाराला दुरुस्ती करायला लावायची तर जुनी नोंद माहीत असलेला माणूस लागतो.

माझी बदली कधी, कशी झाली ते लिहीत नाही. मुलांच्या शाळा तीन वेळा बदलल्या, एवढं पुरे.

देवरुखकर

काका, हे माहीत नव्हतं. मग रागावायचं कोणावर ते तरी सांगा. आमच्याकडे अजून सर्व्हिस रोड झालेला नाही, शाळेची पोरं महामार्ग ओलांडतात. आम्ही निवेदनं दिली ती सगळ्या पक्षांना दिली. सगळ्यांनी फोटो काढले.

मैलकुली

राग कोणावर, ते एका कागदात सापडतं. त्याला मुदतवाढीचा प्रस्ताव म्हणतात. ठेकेदाराची मुदत संपते तेव्हा तो मुदत वाढवून मागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं, तारखांसह. अमुक साखळी क्रमांक (रस्त्यावरच्या अंतराची खूण) ते अमुक, जमीन ताब्यात मिळाली नाही, इतके दिवस. विजेचे खांब हलवले नाहीत, इतके दिवस. वन खात्याची परवानगी नाही, इतके दिवस. ठेकेदाराने यंत्रसामग्री कमी लावली, इतके दिवस. मग खात्याने त्यातलं काय मान्य केलं, काय नाकारलं आणि दंड लावला की दंडाशिवाय मुदतवाढ दिली, तेही त्यात असतं. उशीर कोणाच्या नावावर किती दिवस, हे तिथे खात्याच्याच अक्षरात असतं. भाषणात कोणी काय म्हटलं ते बाजूला ठेवा, हा कागद मागा.

त्याच्याबरोबर मूळ अंदाजपत्रक आणि सुधारित अंदाजपत्रक, दोन्ही मागा. दोन्ही शेजारी ठेवली की काय गाळलं ते दिसतं. सर्व्हिस रोड, पादचारी पूल, गटारं बहुतेक वेळा तिथेच गळतात. तुमचा सर्व्हिस रोड मुळात होता का, आणि असला तर कोणत्या तारखेच्या कोणत्या पत्राने गेला, ते तुम्हाला कळेल. पत्र लोकप्रतिनिधीचं असेल तर तेही फाईलला असतं.

खडी_क्रशर

काका बरोबर सांगताहेत. आमचे प्रस्ताव वाचले तर लोकांना पुष्कळ गोष्टी नव्याने कळतील. काही ठिकाणी आमचीच लबाडी दिसेल, तीही दिसू दे.

सावित्रीपार

मग करूया. आरवली-कांटे आणि कांटे-वाकेड या दोन टप्प्यांचे आजवरचे सगळे मुदतवाढीचे प्रस्ताव, त्यांवरची मंजुरीपत्रं, आणि मूळ व सुधारित अंदाजपत्रकातले सर्व्हिस रोड आणि मोऱ्यांचे भाग, एवढं माहिती अधिकारात मागतो. देवरुखकर, तुमच्या गावाजवळचे साखळी क्रमांक कळवा, म्हणजे अर्जात नेमके टाकता येतील. किलोमीटरच्या दगडांचे फोटो काढलेत तरी चालेल. वकीलसाहेब, मसुदा एकदा नजरेखालून घालाल का?

खेडचा_वकील

पाठवा. एका अर्जात दोन्ही टप्पे घालू नका, वेगवेगळे अर्ज करा, नाहीतर एका विभागाकडून दुसऱ्याकडे टोलवतील. 'का झालं' असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. कागदाचं नाव लिहून प्रत मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं, ते मी लिहून देतो. निवाड्यांच्या प्रतींसाठी प्रांत कचेरीत तिसरा अर्ज करावा लागेल. पेढे-परशुरामचे कागद माझ्याकडे आहेत, ते मागवू नका.

देवरुखकर

रविवारी सकाळी फोटो काढून टाकतो. शाळेसमोरचा दगड उखडून पडलाय, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा चालेल ना?

सावित्रीपार

चालेल. दोन्ही दगडांचे टाका, आणि शाळेच्या फाटकापासून प्रत्येकाचं अंतर अंदाजे लिहा.